आधी नमुना १-ई उघडा, मग नोटीस काढा

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, छत्रपती संभाजीनगर,
तसेच मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी आणि तहसीलदार

विषय : गायरान कसणाऱ्या भूमिहीनांचे दावे निकाली निघण्याआधीच निघणाऱ्या नोटिसा

महोदय, महोदया,

गायरानाची नोटीस एका पानाची असते. गट नंबर, क्षेत्र, नाव, 'महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम ५०' आणि अमुक दिवसांत अतिक्रमण स्वतःहून काढून घ्या, नाहीतर ते काढून खर्चही तुमच्याकडून वसूल करू, एवढाच मजकूर. कोतवाल ती घरी देतो; घराला कुलूप असलं तर दाराला चिकटवून त्याचा फोटो काढतो. त्या पानावर एक रकाना मात्र नसतो : या माणसाचा नियमानुकूलतेचा, म्हणजे अतिक्रमण कायदेशीर करून जमीन नावावर लावून घेण्याचा, दावा याच कार्यालयात पडून आहे का? त्याचं उत्तर शोधायला कोर्टात जावं लागत नाही. ते तलाठ्याच्या दप्तरात, गाव नमुना १-ई नावाच्या अतिक्रमण नोंदवहीत असतं. नोटीस काढण्यापूर्वी ती वही उघडली जावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे. बाकी जे लिहितो आहोत ते वही उघडल्यावर काय काय अडतं त्याबद्दल.

धोरण आपल्याला ठाऊक आहे. तरीही मांडतो, कारण खालच्या टेबलावर ते 'जुना जीआर' म्हणून बाजूला सारलं जातं. पडीक सरकारी जमीन कसायला मिळावी म्हणून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले. पुढे २७ डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची शेतीची अतिक्रमणं नियमानुकूल करायचं ठरलं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने त्यापुढची, म्हणजे १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातली मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं त्यात आली. १४ एप्रिल १९९० म्हणजे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाचा पहिला दिवस. थोडक्यात, आज ज्याच्या हातात नोटीस पडते त्याला पस्तीस वर्षांहून जुनी पेरणी कागदावर दाखवायची असते.

कागद कोणते? १-ई मधली नोंद. कलम ५० खाली भरलेल्या दंडाची पावती. त्या वेळी झालेल्या केसची किंवा पंचनाम्याची नक्कल. पीक पाहणीतली नोंद. यातला एकही कागद कसणारा स्वतः तयार करू शकत नाही, सगळे शासनाच्याच हातचे. त्यातही गंमत बघा : तेव्हा ज्याला दंड झाला, त्याची पावती आज हक्काचा पुरावा ठरते, आणि ज्याला तलाठ्याने गरीब म्हणून सोडून दिलं, त्याच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही. दावा 'पुराव्याअभावी' नामंजूर करण्याआधी हा पुरावा तयार करणं कोणाचं काम होतं, हा प्रश्न संचिकेवर एकदा तरी लिहिला गेला पाहिजे.

आता ती वही. १-ई ची वही गावागावात वेगवेगळ्या अवस्थेत सापडते. कुठे मधली पानं नाहीत. कुठे जुनी वही फाटली म्हणून नवी लिहिली गेली. नव्या वहीत नावं आली, पण 'केव्हापासून' हा तपशील गळाला, किंवा वही लिहिली तेच वर्ष सगळ्यांपुढे पडलं. त्या एका चुकीने १९८४ ला पेरायला सुरुवात केलेला माणूस २००२ चा अतिक्रमणधारक होतो आणि १४ एप्रिल १९९० च्या रेषेबाहेर जातो. कुठे पहिल्या दोघांची नावं लिहून पुढे 'व इतर' असं लिहिलेलं असतं. त्या 'इतर' मध्ये अख्खी वस्ती असते. क्षेत्राचंही तसंच. त्या वेळी मोजणी झालेली नसते, तलाठ्याने बांधावर उभं राहून 'अंदाजे २ एकर' लिहिलेलं असतं. पुढे कोणीतरी त्याचे ०.८१ हेक्टर करतं, आणि अंदाज पक्का आकडा होऊन बसतो. प्रत्यक्ष वहिती सव्वा हेक्टर निघाली की 'नंतर वाढवलेलं अतिक्रमण' असा शेरा पडतो.

आमची मागणी साधी आहे. वही जशी आहे तशी, पान क्रमांक टाकून, स्कॅन करा आणि तिची प्रत चावडीवर लावा. पानं नसतील तर 'अभिलेख उपलब्ध नाही' असं सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. वही हरवल्याचा फटका वही सांभाळणाऱ्याऐवजी कसणाऱ्याला बसतो आहे. वही नसल्याचं लेखी असेल तर निदान दंडाच्या पावत्या, म्हाताऱ्यांचे जबाब आणि जागेवरच्या खुणा यांचं वजन वाढतं.

दुसरी अडचण नंबराची. १-ई च्या जुन्या नोंदी पुष्कळदा सर्व्हे नंबरवर आहेत आणि नोटीस निघते ती गट नंबरवर. एकत्रीकरण योजना झाली तेव्हा सर्व्हे नंबर मोडून गट पडले. एका सर्व्हे नंबरचे दोन-तीन गट झाले असतील तर जुनी नोंद नेमकी कोणत्या गटात बसते ते एकत्रीकरणाच्या ९(३) आणि ९(४) च्या उताऱ्यावरून आणि गाव नकाशावरून जुळवावं लागतं. हे उतारे उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे असतात, तहसीलमध्ये नसतात. अर्जदाराला त्यासाठी तालुक्याला खेटे घालावे लागतात, आणि इतकं करून जुळवाजुळव आणली तरी टेबलावरचा माणूस म्हणतो, 'नोटिशीतला गट नंबर तुमच्या पावतीवर नाही.' पावती १९८६ ची असेल तर तिच्यावर गट नंबर यायचा कुठून? दोन्ही कार्यालयं आपल्याच अखत्यारीत आहेत. सर्व्हे-गट जुळणीचा तक्ता गावनिहाय एकदाच तयार करून घेतला तर शेकडो अर्जांचं काम एका कागदात होतं.

तिसरी गोष्ट पीक पाहणीची. जमीन एकाच्या नावावर आणि कसतो दुसराच, असं पाहणीत दिसलं तर तलाठ्याने नमुना १४ भरून तहसीलदारांकडे पाठवायचा, तहसीलदारांनी चौकशी करून ताबा कोणाचा ते ठरवायचं, अशी तजवीज अधिकार अभिलेखाच्या १९७१ च्या नियमांत आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर पिकाचा फोटो टाकायचा. खातेदारासाठी सोय झाली, पण ॲपमध्ये आधी खातेदाराचं नाव निवडावं लागतं. गायरानाचा खातेदार महाराष्ट्र शासन. मग कसणाऱ्याची तूर तिथे उभी असून कागदावर नसते. पेरा नाही म्हणून विमा नाही, पीककर्ज नाही. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यातली पिकं गेली. तेव्हाही अनुदानाची यादी सातबाऱ्यावरून बनते म्हणून गायरानवाल्याच्या वाहून गेलेल्या सोयाबीनची मोजदाद कुठे झाली नाही. आता तर शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय पुढचं काहीच हलत नाही आणि तो क्रमांकही सातबाऱ्यालाच बांधलेला आहे. ॲपमध्ये बदल करणं आपल्या हातात नसेल. नमुना १४ मात्र रद्द झालेला नाही. तो भरायचा असा आदेश प्रत्येक तहसीलदार आपल्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे तलाठ्यांना, आजही देऊ शकतो.

पंचनाम्याबद्दल जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण दाव्याचं बरंवाईट तिथेच ठरतं.

एप्रिल-मे मधला गायरानाचा पंचनामा म्हणजे 'जमीन पडीक, पीक आढळून आले नाही'. मराठवाड्यातलं गायरान म्हणजे बरड माळ, पाणी नाही. तिथे खरिपाचंच पीक येतं. जूनच्या शेवटाला किंवा जुलैत पेरणी, मूग-उडीद भाद्रपदाच्या सुमारास निघतो, सोयाबीन दसऱ्याच्या आसपास, तूर पौषापर्यंत उभी. म्हणून पाहणी ऑगस्ट-सप्टेंबरातच झाली पाहिजे. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणी या जिल्ह्यांत गायरान कसणारं कुटुंब आणि उसतोड करणारं कुटुंब बहुतेक वेळा एकच असतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नोव्हेंबर ते मार्च या काळात दाराला चिकटवलेली नोटीस म्हाताऱ्या आईशिवाय कोणी पाहत नाही. आणि संचिकेत लागतं : 'नोटीस बजावली, अतिक्रमणधारक हजर राहिले नाहीत, म्हणणे नाही असे गृहीत धरून...' उसतोडीच्या हंगामात बजावलेल्या अशा नोटिसांवर एकतर्फी आदेश करू नये, असं परिपत्रक विभागीय पातळीवरून निघायला काहीच हरकत नसावी. मुकादमाचा फोन नंबर गावात सगळ्यांकडे असतो; माणूस कोणत्या कारखान्यावर आहे हे पाच मिनिटांत कळतं.

पंचनाम्यात काय लिहावं? पीक आणि क्षेत्र तर आलंच. पण गायरानावर पिकापेक्षा जास्त बोलतात ते दगड. मुरमाड माळ वहितीखाली आणायचा तर दरवर्षी वखर लागला की दगड वर येतात. ते वेचून धुऱ्याला टाकले जातात. पाच-सात वर्षांत गुडघाभर ताल, म्हणजे दगडांचा बांध, तयार होते, वीस-तीस वर्षांत कमरेएवढी. खालचे दगड मातीत रुतलेले, त्यांच्या सांदीत बोर-हिवर उगवलेले, वरचे दगड अजून पांढरे. हे ढीग एका हंगामात उभे करता येत नाहीत आणि नुकताच घुसलेला माणूस ते दाखवू शकत नाही. आम्ही पाहिलेल्या पंचनाम्यांत त्यांचा एका ओळीनेही उल्लेख नसतो. तालीची लांबी-उंची, धुऱ्यावरच्या कडुनिंबाचा-बोरीचा छातीच्या उंचीवरचा घेर, जुनी विहीर किंवा झिरा, गोठ्याचा जोता, पायवाट, शेजारच्या खातेदाराच्या सातबाऱ्यावरची चतुःसीमा : एवढं टिपलं आणि चारही बाजूंनी फोटो काढले की निम्मा वाद तिथेच मिटतो. पंच कोण, हेही बघावं लागतं. गायरानावर ज्याचा डोळा आहे तोच पंच म्हणून सही करतो, असं होता कामा नये. किमान दोन पंच वस्तीबाहेरचे आणि दोन शेजारचे कसणारे असावेत. आणि पंचनामा वाचून दाखवल्यावरच अंगठा घ्यावा. कोऱ्या कागदावर घेतलेले अंगठे आम्ही इतके पाहिलेत की हे लिहिणं भाग आहे.

हल्ली उपग्रहाच्या चित्रांचा आधार घेतला जातो. घ्यावा, पण त्याची मर्यादा ओळखून. १९९० च्या आधीची जी चित्रं फुकट मिळतात ती लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची. त्यातला एक ठिपका ३० मीटर बाय ३० मीटरचा. एका एकरात असे साडेचार ठिपके बसतात. दोन एकराचं शेत म्हणजे नऊ ठिपके, त्यातले कडेचे धूसर. त्यावरून माळावर वहिती होती की नव्हती याचा अंदाज येतो, धुरा कुठे होता ते कळत नाही. शिवाय चित्र कोणत्या महिन्यातलं आहे? पावसाळ्यात ढग असतात म्हणून उन्हाळ्यातलं चित्र घेतलं जातं आणि उन्हाळ्यात कोरडवाहू शेत आणि पडीक माळ सारखेच दिसतात. वनहक्काच्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं आहे की उपग्रह चित्र इतर पुराव्याला पूरक ठरू शकतं, त्याची जागा घेऊ शकत नाही. हाच दंडक गायरानाला लावा.

वनहक्काचा विषय निघालाच आहे तर किनवट-माहूरकडे बघा. तिथल्या आदिवासींच्या वनजमिनीसाठी २००६ चा कायदा आहे. त्यात दावा आधी गावच्या वनहक्क समितीकडे जातो, समिती जागेवर जाऊन पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते, मग उपविभागीय आणि जिल्हा समिती. अंमलबजावणीच्या तक्रारी तिथेही आहेत, पण त्या कायद्याच्या कलम ४(५) मध्ये एक वाक्य फार मोलाचं आहे : पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणालाही काढता येणार नाही. जंगलाच्या कडेला कसणाऱ्याला मिळालेलं हे संरक्षण शेजारच्या गावात गायरान कसणाऱ्या मातंग, बौद्ध किंवा पारधी कुटुंबाला नाही. त्यासाठी नवा कायदा येईल तेव्हा येईल. तोवर 'दावा प्रलंबित असेल तर निष्कासन नाही' एवढं प्रशासकीय शिस्तीने पाळता येतं.

यावर आपल्याकडून न्यायालयाचा दाखला दिला जातो. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, त्याला धरून राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आला, आणि २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांची स्वतःहून दखल घेतल्यावर नोटिसांचा पाऊस पडला. हे सगळं खरं. पण जगपाल सिंगचा निकाल शेवटपर्यंत वाचला तर तिथे अपवादही लिहिलेला आहे : शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिलेली असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना यासारखी सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करता येतं. नोटिशीला जोडलेल्या टिपणीत निकालाचा पहिला भाग असतो, हा भाग नसतो.

आम्ही सरसकट सगळ्या अतिक्रमणांची वकिली करत नाही, हेही स्पष्ट सांगतो. गायरानावर ट्रॅक्टर घालून वीस-वीस एकर दाबणारे, घरात बागायत असून मुलाच्या नावाने माळ धरणारे, गाळे-गोदामं बांधणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत आणि त्यांच्या दाराला नोटीस चिकटलेली सहसा दिसत नाही. जनावरांना चराई लागते, मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांना लागते, हेही खरंच. म्हणून गावाच्या गायरानाची एकच मोजणी करून तीन गोष्टी नकाशावर वेगळ्या दाखवा : १९९० पूर्वीच्या भूमिहीनांची वहिती, बाकीची अतिक्रमणं, आणि चराईसाठी मोकळं राहिलेलं क्षेत्र. एकाच यादीत सगळे टाकले की दोन एकरवाला आणि वीस एकरवाला सारखे दिसतात. त्यात फायदा कोणाचा होतो हे सांगायला नको.

घाई कशाची आहे तेही गावाला कळतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी वीज उपकेंद्रांजवळची सरकारी जमीन शोधली जाते आणि ती बहुतेक वेळा गायरान असते. दिवसा वीज हवी, शेतकऱ्याला हवीच. पण हिशेब बघा. याच योजनेत खासगी जमीन घेतली तर मालकाला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडं आहे. चार एकरवाल्याला म्हणजे वर्षाला दोन लाख. तोच चार एकर माळ ज्याने पस्तीस-चाळीस वर्षं दगड वेचून वहितीला आणला, त्याला मिळते कलम ५० ची नोटीस. दुसरीकडे समाजकल्याण खातं कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत भूमिहीनांसाठी कोरडवाहू ४ एकर किंवा बागायती २ एकर जमीन विकत घ्यायला निघालेलं असतं, २०१८ पासून तर शंभर टक्के अनुदानावर. कोरडवाहूला एकरी ५ लाखांची मर्यादा, त्या भावात रस्त्याकडेची जमीन कोणी विकत नाही, म्हणून अर्ज वर्षानुवर्षं पडून. एक खातं जमीन शोधतं आहे, दुसरं कसलेली जमीन काढून घेतं आहे. सौर प्रकल्पाला गायरान देण्याच्या प्रस्तावात 'जागा अतिक्रमणमुक्त' असा दाखला लागतो. त्या दाखल्यासोबत १-ई चा उतारा जोडणं सक्तीचं करा. बाकी आपोआप उजेडात येईल.

दावा मंजूर झाला तरी काम संपत नाही. आदेशानंतर ते क्षेत्र गायरानातून कमी व्हायला हवं, मोजणी होऊन नकाशाची 'क' प्रत मिळायला हवी, फेरफार होऊन सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ म्हणून नाव चढायला हवं, आणि १-ई मधून नोंद निघून १-क या वर्ग-२ जमिनींच्या नोंदवहीला जायला हवी. यातला एक दुवा राहिला तरी माणूस लटकतो. सगळ्यात जास्त अडतं मोजणीवर, कारण फी कोणी भरायची याचा उल्लेख आदेशात नसतो. १-ई मधलं नाव काढायचं राहिलं तर ज्याच्या नावे आदेश झाला त्यालाच पुढच्या फेरीत अतिक्रमणाची नोटीस जाते. वर्ग-२ म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विक्री नाही, हे कसणाऱ्याला त्याच वेळी नीट समजावून सांगा. शंभराच्या बाँडवर साठेखत करून जमीन गमावणारे याच अज्ञानात अडकतात.

दरम्यान मूळ दावेदार वारला तर? खातेदार असता तर वारसांनी तीन महिन्यांत अर्ज द्यायचा, गाव नमुना ६-क मध्ये वारस नोंद, मग फेरफार, पंधरा दिवसांची नोटीस आणि मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, अशी वाट ठरलेली आहे. एप्रिल २०२५ पासून जिवंत सातबारा मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्याचं काम राज्यभर हाती घेतलं गेलं, ते चांगलंच. पण १-ई मधल्या मयत माणसाच्या वारसाला ६-क नाही, कारण सातबाराच नाही. विधवा बाई दावा चालवायला गेली की तिला सांगतात, 'नोंद नवऱ्याची आहे.' प्रलंबित दाव्यात वारसांची नावं लावण्याचा साधा अर्ज नमुना ठरवून द्या. पत्नीचं नाव पहिलं आणि मुलींची नावं वगळायची नाहीत. मंजुरीचा आदेशही नवरा-बायको दोघांच्या नावे करा. पत्नीचं नाव सातबाऱ्याला लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे, तिचाच धागा पुढे न्यायचा आहे. जुन्या सातबाऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे 'एकुमॅ' (एकत्र कुटुंब मॅनेजर) लिहून बाकीची भावंडं आणि वहिन्या कशा नाहीशा झाल्या हे आपण पाहिलंच आहे. नव्या नोंदीत तीच चूक पुन्हा नको.

काही गावांत भानगड १९९० च्याही मागची आहे. आज गायरान दिसणारी जमीन निजामी काळात हाडोळ्याची (महार वतनाची) किंवा इनामाची होती, आणि त्याचा पुरावा खासरा पत्रकात, जुन्या पाहणी पत्रकात उर्दूत किंवा मोडीत पडला आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना याच दप्तरखान्यांत उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं बसवली गेली होती. म्हणजे माणसं मिळतात, कपाटं उघडतात. तीच सोय जमिनीच्या नोंदींसाठी करा.

एक शब्द पोलिसांच्या संदर्भात. नोटीस निघाली की गावातल्या काहींना वाटतं आता मोकळं रान, आणि उभ्या पिकात जनावरं सोडली जातात. कलम ५० चा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, गावाला नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाच्या ताब्यातली जमीन बेकायदा बळकावणं किंवा त्याला तिथून हुसकणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(फ) आणि (ग) खालचा गुन्हा आहे. 'जमीन सरकारी आहे, तुझी नाही' असं म्हणून ठाण्यातून परत पाठवलं जातं तेव्हा त्या कलमातला 'ताब्यातील' हा शब्द विसरलेला असतो. नोटिशीची एक प्रत ठाण्याला जात असेल तर तिच्यावर हे वाक्य छापा.

कसणाऱ्यांना आम्ही आमच्या परीने सांगतोच : अर्ज दिला की आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या, पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज. नोटिशीला तोंडी उत्तर देऊ नका. आदेश विरोधात गेला तर त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर कलम २४७ खाली अपिलाला साठ दिवस आहेत, आणि अपिलासोबत कलम २५६ खाली स्थगिती मागितली नाही तर अपील चालू असतानाच जेसीबी येतो. पण हे सगळं करायला तालुक्याला पाच-सहा खेटे, प्रत्येक खेट्याला एक मजुरी बुडते. आपल्या बाजूने वही उघडली तर यातले बरेच खेटे वाचतील.

म्हणून विनंती अशी : गायरानाची कोणतीही नोटीस काढताना तिच्यावर १-ई चा पान क्रमांक, दाव्याचा आवक क्रमांक आणि दाव्याची आजची स्थिती हे तीन रकाने असावेत, आणि ते कोरे असतील तर नोटीस जावकला घेऊच नये. प्रलंबित दाव्यांची गावनिहाय यादी पोळ्याच्या आत चावडीवर लागावी. पंचनामे त्यानंतर लगेच सुरू करावेत, तूर-सोयाबीन रानात उभं असताना. यंदा टोळ्या हलायच्या आत ते पूर्ण झाले नाहीत, तर थेट पुढच्या श्रावणाची वाट पाहावी लागेल.

आपले,
मराठवाड्यात गायरान आणि भूमी अभिलेखाच्या कामात असलेले कार्यकर्ते